कॉम्प्युटरच्या पोटातली कार्डं : बसवावीत कशी आणि रुसली तर समजूत काढावी कशी?



कुकरची शिट्टी का होत नाही, मिक्सर का तापतो, शिवणयंत्राचा दोरा सारखा का तुटतो, असल्या प्रश्नांना या सदरातून आजवर पुष्कळ उत्तरं दिली. हल्ली मात्र टपालात एका वेगळ्याच यंत्राची तक्रार असते. ते यंत्र म्हणजे घरातला टेबलावरचा कॉम्प्युटर. मोबाईल प्रत्येकीच्या हातात आला हे खरं. पण शिकवण्या घेणाऱ्या, दुकानदारांचे हिशेब लिहून देणाऱ्या, भरतकामाची नक्षी काढणाऱ्या, सोसायटीच्या पावत्या सांभाळणाऱ्या कितीतरी जणींचं काम अजून या डब्यावरच चालतं. तो बंद पडला की कामही बंद आणि महिन्याचे चार पैसेही बंद!

मग काय होतं? घरातल्या कुणाला तरी सवड होईपर्यंत थांबायचं. नाहीतर डबा उचलून दुकानात नेऊन टाकायचा. दुकानात टाकायचा म्हणजे घरचे हिशेब, बँकेचे कागद, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं परक्याच्या टेबलावर मांडून यायचं. आणि तिकडून निरोप येतो, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय." तो खरंच गेला आहे का, हे विचारायलासुद्धा आपल्याला शब्द सापडत नाहीत.

वास्तविक यांतल्या बऱ्याच तक्रारी डब्याच्या आत खाचेत बसवलेल्या कार्डांच्या असतात, आणि त्यांतल्या कितीतरी एका स्क्रू-ड्रायव्हरने आणि थोड्या धीराने मिटतात. म्हणून आज ही कार्डंच समजून घेऊ.

कार्ड म्हणजे काय?

मिक्सरचं उदाहरण घ्या. खाली मोटर एकच. तिच्यावर चटणीचं भांडं बसवलं की चटणी, ओल्या वाटणाचं बसवलं की वाटण. कॉम्प्युटरच्या आत जी मोठी सपाट पाटी उभी असते, ती मदरबोर्ड. तिच्यावर लांबट खाचा असतात. त्यांना स्लॉट म्हणतात. त्या खाचेत जे कार्ड बसवाल, ते काम कॉम्प्युटर करू लागतो. चित्र चांगलं दिसावं म्हणून ग्राफिक्स कार्ड, बिनतारी इंटरनेटसाठी वायफाय कार्ड, आवाजासाठी साउंड कार्ड, जादा जोडण्यांसाठी यूएसबी कार्ड. मिक्सरचं भांडं नीट फिरवून बसवलं नाही तर मोटर नुसती घुरघुरते, इथेही तसंच. कार्ड केसभर वर राहिलं तरी यंत्र अडून बसतं.

ही सोय पुष्कळ जुनी आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर विकायला काढला, तेव्हा त्यात अशा पाच खाचा होत्या. पडद्यावर अक्षर उमटण्यासाठीसुद्धा तेव्हा वेगळं कार्ड लागे. पुढे १९९२ साली पीसीआय नावाच्या खाचा आल्या, १९९७ च्या सुमारास खास चित्रांसाठी एजीपी आली, आणि २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस. आजच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये हीच शेवटची जात असते.

आपल्या मराठीचंही या कार्डांशी जुनं नातं आहे, बरं का! १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. कानपूरच्या आयआयटीत देवनागरीसाठी जे काम सुरू झालं होतं, ते सी-डॅकमध्ये पुढे गेलं आणि त्यातून 'जिस्ट कार्ड' तयार झालं. त्या काळातले कॉम्प्युटर फक्त रोमन अक्षरं जाणत. हे कार्ड खाचेत बसवलं की त्याच यंत्राच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागे. तेव्हा कुणी या कार्डांना 'पोरांच्या खेळाचं सामान' म्हटलं, तर त्याला ही गोष्ट अवश्य सांगा.

खाच ओळखायला शिका

पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचा लहानमोठ्या असतात. सगळ्यांत आखूड ती 'एक्स १', जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. सगळ्यांत लांब 'एक्स १६', सुमारे नऊ सेंटिमीटर. तिच्या टोकाला बहुधा एक छोटी कडी असते. मधल्या मापाच्या 'एक्स ४' आणि 'एक्स ८' असतात. नियम सोपा आहे : लहान कार्ड मोठ्या खाचेत चालतं. आखूड वायफाय कार्ड लांब खाचेत बसवलं तरी ते खुशाल काम करतं. मोठं कार्ड लहान खाचेत मात्र बसत नाही.

जुन्या पीसीआयच्या खाचा बहुतेक पांढऱ्या रंगाच्या असत. नाव जवळजवळ सारखं असलं तरी ते कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत जात नाही. जुन्या बाजारातून "पीसीआय कार्ड आहे, घेऊन जा" म्हणून कुणी स्वस्तात गळ्यात मारू लागलं, तर आधी आपल्या घरची खाच बघा.

विकत घेण्यापूर्वी पाच प्रश्न

१) कार्डाची खरंच गरज आहे का? नुसतं वायफाय किंवा आवाज हवा असेल, तर बाहेरून यूएसबीच्या भोकात खोचायची बोंडुकली मिळते. डबा उघडायला नको आणि बहुधा पैसेही कमी पडतात. आधी तिचा विचार करा.

२) रिकामी खाच आहे का? आणि तिच्या शेजारी जागा आहे का? मोठी ग्राफिक्स कार्डं जाड असतात. शेजारच्या खाचेवर आडवी होऊन बसतात.

३) आपला डबा रुंद आहे की अरुंद? कचेऱ्यांतून निघालेले वापरलेले कॉम्प्युटर हल्ली पुष्कळ घरी येतात. ते अंगाने सडपातळ. नेहमीच्या कार्डाची मागची पत्र्याची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते. सडपातळ डब्यात सुमारे ८ सेंटिमीटरची लागते. अशा कार्डाला 'लो प्रोफाइल' म्हणतात. हा शब्द कागदावर लिहून दुकानात न्या.

४) वीज पुरेल का? डब्यातल्या वीजपेटीवर किती वॅटची आहे ते लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर किती वॅटची पेटी हवी तेही छापलेलं असतं. दोन्ही आकडे ताडून बघा.

५) आपल्या विंडोजला ते कार्ड चालतं का? विंडोज १० ची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, त्यामुळे पुष्कळांनी विंडोज ११ घेतलं आहे. फार जुन्या कार्डाच्या कंपनीने विंडोज ११ साठी ड्रायव्हर काढलेलाच नसेल, तर ते कार्ड घरात शोभेला राहील. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा.

कार्ड बसवण्याची कृती

*साहित्य :* फुलीच्या टोकाचा मध्यम स्क्रू-ड्रायव्हर, स्क्रू ठेवायला एक वाटी, मऊ कोरडा ब्रश, स्वच्छ सुती फडकं, भरपूर उजेड आणि मोबाईल.

*पूर्वतयारी :* कॉम्प्युटर रीतसर बंद करा. भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागायचं नाही; तार मागून काढाच. मग डब्याचं चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत सारा, पदर खोचून घ्या. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची साडी नेसून हे काम करू नका. हिवाळ्यात अशा कपड्याची चुरचुर होते ना, तीच ही स्थिर वीज. आपल्याला तिचा चटका जाणवतो तेव्हा ती सुमारे ३,००० व्होल्टची असते, आणि कार्डावरच्या चिपा त्याच्या कितीतरी कमीत जायबंदी होतात. सुती कपडे घाला आणि कार्डाला हात लावण्यापूर्वी डब्याच्या बिनरंगाच्या पत्र्याला स्पर्श करा. काम चाललं असताना अधूनमधून पुन्हा करा. विदर्भ-मराठवाड्याकडच्या मैत्रिणींनी, कोरड्या थंडीत तर हे मुळीच विसरू नये.

*कृती :* १) डबा आडवा करून डाव्या बाजूचा पत्रा काढा. मागच्या काठावर बहुधा दोनच स्क्रू असतात.

२) काहीही हलवण्यापूर्वी आतला फोटो काढून ठेवा. कोणती तार कुठे होती, ते पुढे यावरूनच कळेल.

३) ज्या खाचेत कार्ड बसवायचं, तिच्या समोरची मागची पत्र्याची पट्टी काढा. पट्टी आणि तिचा स्क्रू वाटीत. फेकू नका!

४) कार्ड कडांना धरा. खालच्या सोनेरी दातांना बोट लावू नका. बोटांचं तेल त्यांना लागतं.

५) दात खाचेवर सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. एक्स १६ खाचेत 'टक्' असा आवाज होऊन कडी लागते. तिरकं दाबू नका, हलवून हलवून घुसवू नका. जात नसेल तर जोर करण्याऐवजी पुन्हा काढून बघा. दातांमधली मोकळी जागा खाचेतल्या उंचवट्यावर आलेली नसते, किंवा मागची पट्टी पत्र्याला अडलेली असते.

६) पट्टीचा स्क्रू लावा. पुष्कळजण तो लावायचा आळस करतात. मग जड कार्ड आपल्याच वजनाने एका बाजूने वर उचललं जातं आणि दोन महिन्यांनी तक्रार सुरू होते.

७) कार्डाला विजेच्या तारेची जागा असेल तर ती तार जोडा.

८) पत्रा लावा, डबा उभा करा, तारा जोडा आणि मगच प्लग लावा.

ग्राफिक्स कार्ड काढायचं असेल, तेव्हा आधी स्क्रू, मग विजेची तार, मग खाचेच्या टोकाची कडी दाबून कार्ड सरळ वर. कडी न सोडवता ओढलं तर खाचच उखडते, आणि मग मात्र खरोखरच मदरबोर्ड जातो.

रुसलं तर काय करायचं?

*पडदा काळा, पण आतला पंखा फिरतोय :* घाबरू नका. आधी मॉनिटरची तार कुठे खोचली आहे ते बघा. डब्याच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डची स्वतःची जोडणी असते आणि खाली आडव्या पट्टीवर कार्डाची. कार्ड बसवल्यावर बऱ्याच यंत्रांत वरची जोडणी आपोआप बंद होते. तार खालच्या जोडणीत घाला. निम्म्या वेळी नसला, तरी पुष्कळदा दोष एवढाच असतो.

तरीही काळंच असेल तर प्लग काढून कार्ड एकदा बाहेर काढा आणि पुन्हा नीट बसवा. दात मळकट दिसले तर कोरड्या सुती फडक्याने पुसा. मळ हट्टी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नेलपॉलिश काढायचं औषध वापरू नका. ते प्लास्टिक खातं. काही कारागीर खोडरबर घासतात. घासायचंच तर मऊ पांढरं रबर, अगदी हलक्या हाताने, आणि नंतर भुगा झटकून टाका. दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, पितळेची समई घासल्यासारखं घासाल तर तो निघूनच जाईल.

*कार्ड बसलं, पण काम करत नाही :* स्टार्टच्या चिन्हावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा. यंत्रातल्या प्रत्येक अवयवाची यादी दिसेल. ज्याच्यावर पिवळा त्रिकोण आहे, तो आजारी. त्याच्यावर दोनदा दाबलं की आजाराचा आकडा दिसतो. हे चार आकडे लिहून ठेवा :

२८ म्हणजे ड्रायव्हर घातलेलाच नाही. कार्डाच्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका झटक्यात' असल्या जाहिरातींच्या नादी लागू नका. त्यांतून नको ती बांडगुळं घरात शिरतात.

१० म्हणजे कार्ड सुरूच होऊ शकत नाही. बहुधा ड्रायव्हर चुकीचा. काढून पुन्हा योग्य तो घाला.

१२ म्हणजे त्या कार्डाला लागणारी साधनं यंत्रात मोकळी नाहीत. दुसरं एखादं बिनकामाचं कार्ड काढून बघा.

४३ म्हणजे कार्डानेच 'मला बरं नाही' असं कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं. ड्रायव्हर बदलून, कार्ड पुन्हा बसवून, दुसऱ्या खाचेत घालून बघा. तरीही ४३ च आला तर कार्ड खराब असण्याची शंका बळावते.

*कार्ड यादीतच दिसत नाही :* खाच बदलून बघा. काही मदरबोर्डांवर छोट्या एम.२ डिस्कची जागा आणि एखादी खाच यांचा रस्ता एकच असतो. डिस्क बसवली की ती खाच बंद पडते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर पाटीवर छापलेलं नाव शोधा. त्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते.

*वायफाय चालतं, ब्लूटूथ नाही :* अशा दुहेरी कार्डाबरोबर एक बारीक तार येते. ती आत मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडायची असते. ती खोक्यातच राहून गेली असणार! आणि मागे अँटेना पिळून बसवल्या आहेत ना? त्यांच्याशिवाय शेजारच्या खोलीतलं वायफायसुद्धा पकडत नाही.

तुमची पत्रे

*हिशेबनीस भगिनी, मिरज :* "मी घरी बसून चार दुकानांचे हिशेब लिहिते. जीएसटीचं मासिक पत्रक २० तारखेच्या आत भरायचं असतं. घराची सफाई झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पडदा काळा. पंखा फिरतो. सुरू करताना एक लांब आणि दोन आखूड असा पिपाणीसारखा आवाज येतो. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, मदरबोर्ड गेला, सात-आठ हजार धरा, डबा आणून ठेवा. घरचे म्हणतात, कशाला हा व्याप, सोडून दे ही कामं. चार दुकानांचा विश्वास आहे हो माझ्यावर. हिशेब गेले असतील का?"

ताई, आधी मनातली भीती काढून टाका. तुमचे हिशेब डिस्कवर आहेत. चित्र दाखवणारं कार्ड वेगळं आणि डिस्क वेगळी. पडदा काळा झाला म्हणून वही कोरी होत नाही.

आता तो आवाज. एक लांब, दोन आखूड हा संकेत बऱ्याच यंत्रांत 'चित्राची सोय सापडत नाही' असं सांगतो. काही यंत्रं त्याचसाठी आठ वेळा वाजतात, आणि नव्या मदरबोर्डांवर आवाजाऐवजी बारीक दिवा लागतो. त्याच्याजवळ 'व्हीजीए' असं लिहिलेलं असतं. दुसरं असं की, जो मदरबोर्ड आपली तक्रार इतकी स्पष्ट सांगतो, तो पार गेलेला नसतो. आणि तुमची तक्रार सुरू झाली ती डबा हलवल्यावर. तेव्हा कार्ड खाचेतून किंचित वर आलं असण्याचा संभव सर्वांत जास्त.

वर दिलेल्या रीतीने कार्ड काढून पुन्हा बसवा आणि स्क्रू घट्ट करा. तरीही चित्र आलं नाही, तर कार्ड बाहेर ठेवा आणि मॉनिटरची तार वरच्या, मदरबोर्डच्या जोडणीत घाला. बहुतेक यंत्रांत हिशेबापुरतं चित्र त्यावर येतंच. पत्रक वेळेत भरा, कार्डाचं पुढे बघू. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असतं, त्यांत चित्राची स्वतःची सोय नसते. तिथे कार्ड लागतंच. तुमचा त्यांतला असेल तर कुणाचं तरी साधं, चालू कार्ड दोन दिवस मागून आणा. तेही न जमलं, तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. हिशेब तिथे उघडतील. फक्त डिस्कवर कुलूप, म्हणजे बिटलॉकर, लावलेलं असेल तर त्याची किल्ली, तो लांब आकडा, हाताशी लागेल. आणि यापुढे हिशेबाची एक प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर काढत जा. लोणच्याची बरणी जशी दोन ठिकाणी ठेवतो, तशी.

राहता राहिलं घरच्यांचं. चार दुकानदार ज्या बाईवर विसंबतात, तिने एका सुट्या कार्डापायी काम सोडायचं कारण नाही. एवढंच सांगते.

*एक वाचक, रत्नागिरी :* "पावसाळ्यात आमचं वायफाय कार्ड येतं-जातं. मागच्या बाजूने एकदा झुरळ बाहेर आलेलं पाहिलं!"

झुरळाला वाट कुणी दिली? मागे कुठल्या तरी खाचेची पत्र्याची पट्टी काढून टाकलेली असणार. ती बसवा, झुरळ, पाल, उंदराचं पिल्लू, सगळ्यांची वाट बंद होईल. दमट हवेत दातांवर मळाचा थर धरतो. कार्ड काढून पुसून बसवा. पावसाळ्यात कॉम्प्युटर रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा कमी होतो. डबा भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. आत डांबराच्या गोळ्या टाकू नका.

*पाककृतींची चित्रफीत करणाऱ्या भगिनी, नागपूर :* "मुलाने वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. चित्रफीत जोडायला घेतली की यंत्र मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतं."

हे बहुधा विजेचं किंवा तापण्याचं दुखणं. एक्स १६ खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागले तर वीजपेटीपासून वेगळी तार जोडावी लागते : ६ पिनांची तार आणखी ७५ वॅट देते, ८ पिनांची १५०. तुमच्या पेटीचा आकडा बघा. कमी असेल तर चांगल्या प्रतीची पेटी घ्या. डिस्कच्या बारीक तारेला जोड लावून कार्डाला वीज पुरवायचा जुगाड कुणी केला असेल, तर तो आधी काढा. एवढा भार न सोसून ती तार वितळू शकते. मग धूळ. पंख्याची पाती एका बोटाने धरून ब्रशने धूळ काढा. केस वाळवायचं यंत्र आत फिरवू नका, आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको. त्याच्या नळीला स्थिर वीज धरते. तुमच्याकडच्या मे महिन्यात डब्याच्या झरोक्यांसमोर पडदा किंवा कपाट येऊ देऊ नका.

*भरतकाम करणाऱ्या भगिनी, इचलकरंजी :* "माझं जुनं भरतयंत्र नऊ पिनांच्या तारेने कॉम्प्युटरला जोडतात. नव्या डब्यात तशी जोडणीच नाही. आता चांगलं चालणारं यंत्र मोडीत काढू का?"

मुळीच काढू नका! 'सीरियल पोर्ट कार्ड' मागा. एक्स १ खाचेत बसणारं मिळतं. ड्रायव्हर घातल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्‌स' या ओळीखाली त्याचा क्रमांक बघा. पुष्कळ जुन्या कार्यक्रमांना पहिले चारच क्रमांक ठाऊक असतात. कार्डाने पाचवा-सहावा घेतला असेल तर त्याच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' कप्प्यात जाऊन मोकळा असलेला लहान क्रमांक द्या.

दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर

इतकं करूनही यंत्र हललं नाही, तर कारागिराकडे जाण्यात कमीपणा नाही. पण रिकाम्या हाताने आणि रिकाम्या डोक्याने जाऊ नका. काय दिसलं, किती वेळा वाजलं, कोणता आकडा आला, आपण काय काय करून पाहिलं, हे कागदावर लिहून न्या. अशी चिठ्ठी बघितली की समोरचा माणूस आकडा सांगताना एकदा विचार करतो. शक्य असेल तर डिस्क काढून घरी ठेवा. चित्राचा किंवा आवाजाचा बिघाड तिच्याशिवायही तपासता येतो. कार्डावरचा क्रमांक फोटो काढून ठेवा. जुना भाग परत मागा, पावती मागा, आणि "मदरबोर्ड गेला" म्हटलं तर दुसरं चालू कार्ड लावून दाखवायला सांगा. डॉक्टर तपासल्याशिवाय ऑपरेशन सांगत नाही. यानेही सांगू नये.

आणि एक काम मात्र घरी कधीच करायचं नाही. विजेची जी बंद पेटी आत असते, जिच्यातून तारांचा जुडगा बाहेर येतो, ती उघडायची नाही. प्लग काढून ठेवला तरी तिच्या पोटात काही काळ धोकादायक वीज साठून राहते. ती बिघडली तर अख्खीच बदलायची. तसंच कॉम्प्युटरचा प्लग तीन पिनांचा आणि घरातलं अर्थिंग चालू असलंच पाहिजे. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर कार्ड राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

हेही लक्षात असू द्या

• सुरू करताना घड्याळ दरवेळी मागे गेलेलं दिसतं? मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली. 'सीआर २०३२' म्हणून मागा; ३ व्होल्टची असते.

• काढलेलं कार्ड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. ते ज्या करड्या चकचकीत पिशवीत आलं होतं, तिच्यातच ठेवा.

• एका वेळी एकच बदल करा आणि यंत्र सुरू करून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

• उरलेले स्क्रू आणि पत्र्याच्या पट्ट्या एका छोट्या डबीत घालून ती बटणांच्या डब्यात ठेवा. घरात तोच एक डबा कधी हरवत नाही!

पुढच्या अंकात छपाईयंत्राच्या, म्हणजे प्रिंटरच्या, तक्रारी घेऊ. शाई असूनही कागद कोरा का निघतो, हे विचारणारी पत्रं पुष्कळ आहेत. आपल्या यंत्राचं नाव आणि पडद्यावर दिसणारा मजकूर पत्रात जसाच्या तसा लिहून पाठवा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.